क्रीम की बिस्किट?

आमच्या पिढीला भिंतीचा रंग निवडायचं काम कधी पडलंच नाही. शेताला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणणारा आमचा वऱ्हाड. दिवाळी जवळ आली की माय गढीची पांढरी माती टोपल्यानं आणायची, भिजवायची अन् चिंधीच्या पोताऱ्यानं भिंती पोतारायची. ओली भिंत मातकट दिसे, वाळली की उजळ होई. गढीचा जो रंग, तोच साऱ्या गावाचा.

मागच्या साली मायसाठी सिमेंटची खोली बांधली, तेव्हा दर्यापूरच्या दुकानात पहिल्यांदा रंगाचं कार्ड हाती आलं. शेवटी दोनच उरले, क्रीम आणि बिस्किट. ट्यूबलाइटखाली दोघे सख्खे भाऊ वाटत.

पोरगा म्हणे, "बाबा, क्रीमच घ्या. खोलीत उजेड वाटते."

घरची म्हणे, "अजी, क्रीमवर हात लागला का डाग दिसते. बिस्किट बरा."

दोघांचंही खरं होतं. पेंटर म्हणाला, "काका, कार्डावर नोका जाऊ. भिंतीवर हातभर पट्टे मारून पाहा." त्यानं दोन पट्टे शेजारी-शेजारी मारले. वाळू दिले. सकाळच्या उन्हात क्रीम जवळजवळ पांढराच दिसे, बिस्किट उबदार वाटे. रात्री पिवळ्या बल्बखाली मात्र दोन्हीतला फरक मला तरी कळेना.

पण खोली माझी नव्हती. माय ८४ वर्षांची. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. रात्री उठली की भिंतीवर हात फिरवत लाइटचं बटन शोधते. म्हणून मी बटनाचा पांढरा बोर्ड आधी क्रीमच्या पट्ट्यावर धरला, मग बिस्किटच्या. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

"हे दिसते लेका. तिकडलं त भितीतच गेलं."

बिस्किट ठरला. पोरगाही मग काही बोलला नाही.

आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. बुडाशी लोणा धरला की कोणताही रंग पापुद्र्यानं सुटतो, हात फिरवावाच लागतो. पहिले तेवढ्यासाठी गढीवरून टोपलंभर माती आणली की भागे, जुन्या-नव्याचा मेळ बसे. आता तसं नाही. म्हणून उरलेला रंग डब्यात झाकून ठेवला आहे अन् शेडचा नंबर दाराच्या मागं पेन्सिलीनं लिहिला आहे.