खालचा खटका

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही तीन आठवडे न्यू जर्सीतील एडिसनला ताईच्या घरी होतो. आम्ही म्हणजे नवरा-बायको, दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवणारे. ताई ही आमच्यापैकी एकीची थोरली बहीण. भावजींना जाऊन सव्वा वर्ष झाले होते आणि घर विकायचे ठरले होते. सुट्टीत जाऊन आवराआवरीला हातभार लावावा, एवढाच हेतू. पुस्तके वाटून झाली, कपडे बांधून झाले, माळा रिकामा झाला. उरला तो स्वयंपाकघरातला ओव्हन.

तो ओव्हन ताईचा कमी आणि भावजींचा अधिक होता. रविवारची भरताची वांगी, रताळी, कुटासाठीचे शेंगदाणे, हे सारे ते त्यातच भाजत. वांग्यांचे तेल आणि रताळ्यांचा पाक तळाशी सांडून वर्षानुवर्षे जळत राहिला होता आणि त्याचा डांबरासारखा काळा, टणक थर झाला होता. नखाने काय, सुरीनेही तो निघेना. शनिवारी घर पाहायला माणसे येणार होती. गुरुवारी ताई वकिलाकडे गेलेली असताना, तिला न विचारता, आम्ही 'सेल्फ क्लीन' असे लिहिलेले बटण दाबले.

आपल्याकडच्या वाचकांना हा प्रकार कदाचित परिचित नसेल, म्हणून थोडे सांगतो. जनरल इलेक्ट्रिक या कंपनीने १९६३ साली अमेरिकेत असा ओव्हन प्रथम बाजारात आणला. पुढे अनेक कंपन्यांनी तो केला. यात साबण नाही, पाणी नाही. ओव्हन स्वतःला सुमारे ९०० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो आणि तीन-चार तास तसाच ठेवतो. सांडलेले, चिकटलेले जे काही असेल त्याची राख होते. गार झाल्यावर ती ओल्या फडक्याने पुसायची. तेवढा वेळ दार आपोआप कुलूपबंद राहते. आमच्या आयांच्या हाती राख हे भांडी घासण्याचे साधन होते; इथे राख हीच घासून झाल्याची खूण. या विचाराने आम्हांला बरीच गंमत वाटली, हे कबूल केले पाहिजे. दीड तास आम्ही त्या गमतीतच होतो.

मग धुराची घंटा वाजू लागली. स्वयंपाकघरात जाऊन पाहतो तो ओव्हनची बटणे हात लावू देत नव्हती आणि शेजारच्या लाकडी कपाटाची कड तपकिरी पडू लागली होती. आकड्यांच्या पट्टीवर एक रोमन अक्षर आणि एक आकडा लुकलुकत होता. आम्ही 'कॅन्सल' दाबले. आवाज थांबला, आकडा नाहीसा झाला, पट्टीवर नेहमीचे घड्याळ आले. सुशिक्षित माणसांचा अक्षरांवर फार विश्वास असतो. पट्टीवर काही उरले नाही, म्हणजे यंत्र बंद झाले, असे आम्ही धरून चाललो आणि खिडक्या उघडत बसलो. वीस मिनिटांनी कपाटाची कड काळी पडू लागली, तेव्हा कुठे दाराच्या काचेतून आत वाकून पाहण्याची बुद्धी झाली. तळाचे वेटोळे लालबुंद होते. घड्याळ शांतपणे चालू होते आणि त्याच्या खाली विस्तव वाढत होता.

तळघरातल्या विजेच्या पेटीत भावजींनी प्रत्येक खटक्यापुढे मराठीत नाव लिहून ठेवले होते: 'न्हाणीघर', 'देव', 'ओव्हन'. तो खटका पाडला. अक्षर ओळखीचे होते म्हणून शोधाशोध झाली नाही, नाहीतर काय झाले असते याचा विचार आम्ही आजही पुरता करत नाही.

ओव्हन निवेपर्यंत मागच्या पायरीवर बसून राहण्याखेरीज करण्यासारखे काही नव्हते. शिक्षकाला अशा वेळी अभ्यासक्रम आठवतो. ॲरिस्टॉटलच्या कॅथार्सिसला आपण वर्गात 'विरेचन' म्हणतो. याकोब बेर्नाइस याने १८५७ साली त्या संज्ञेचा वैद्यकीय अर्थ जोरकसपणे मांडला, हेही सांगतो. शुद्धीकरण की निचरा, यावर विद्यार्थ्यांकडून दहा गुणांचे उत्तर लिहून घेतो. पण ज्या आयुर्वेदातून तो शब्द आपण उचलला, त्यात विरेचनाच्या अतियोगाचाही विचार आहे. मात्रा चुकली, थांबायचे तिथे थांबले नाही, तर तोच उपचार रोग्याला खचवतो. हा अर्धा भाग आम्ही इतकी वर्षे वर्गात कधीच सांगितला नव्हता. असो.

ताई आली. घरभर वास, काळे पडलेले कपाट, पायरीवर अपराध्यासारखी बसलेली आम्ही दोघे. ती रागावली नाही. "पुस्तिका पाहिली होती का? खालच्या खणात असते," एवढेच म्हणाली. आम्ही पाहिली नव्हती. तळटीप न वाचता निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही काय काय बोलतो ते येथे लिहवत नाही.

शुक्रवारी दुरुस्तीवाला आला. ओव्हन केव्हाच गार झाला होता, पण दार उघडत नव्हते, कारण कुलूपही विजेवरच चालते. आणि वीज सोडावी तर वेटोळे पुन्हा तापण्याची भीती. त्याने आधी वेटोळ्याच्या तारा सोडवल्या, मग वीज दिली, तेव्हा दार सुटले. त्याचा पहिला संशय तापमान मोजणाऱ्या कांडीवर होता. ओव्हनच्या मागच्या भिंतीतून आत डोकावणारी ही कांडी जेवढी तापते तेवढा तिचा विद्युत्-रोध वाढतो आणि त्यावरूनच ओव्हनला स्वतःची उष्णता कळते. रोध खरा असावा त्याहून कमी भरला, तर ओव्हन स्वतःला गार समजतो आणि तापतच राहतो. अशा बहुतेक कांड्यांचा रोध खोलीच्या तापमानाला १०८० ते ११०० ओहमच्या आसपास असतो. हिचाही तेवढाच भरला. दाराभोवतीची काचतंतूंची दोरीही त्याने बोटाने चाचपून पाहिली. ती फाटली, तर उष्णता बाहेर पडून बटणे भाजतात. तीही शाबूत होती. मग त्याने आम्हांला विचारले, कॅन्सल दाबल्यावर वेटोळे विझले होते का? नाही म्हटल्यावर त्याने मान हलवली. म्हणजे आज्ञा देणाऱ्याची चूक नाही, आज्ञा पोहोचलीच नाही. वेटोळ्याला वीज जोडणारा-तोडणारा जो रिले असतो, त्याची टोके वितळून एकमेकांना चिकटली होती.

"हे कालच झाले का?" ताईने विचारले. तो म्हणाला, आधी कधी चिकटतात, कधी सुटतात. असे किती दिवस चालले होते हे सांगता येणार नाही. वीस वर्षांच्या ओव्हनला नवा फलक घालू नका, असेही म्हणाला.

तो गेल्यावर ताईने पुस्तिका काढली. बटणाच्या माहितीचे पान तिने थेट उघडले. पक्षी पाळले असल्यास त्यांना दूरच्या, हवेशीर खोलीत हलवा, अशी सूचना तिथे छापलेली होती आणि तिच्या शेजारी, समासात, पेन्सिलने भावजींचे अक्षर: 'खालचा खटका', पुढे एक शब्द, आणि '२०१९'. तो शब्द पुसट झालेला. ताईने पान खिडकीशी धरले. "तुम्ही सांगा, काय लिहिलंय?"

आमच्यापैकी एकाने वाचले, 'पाडावा'. दुसरीने वाचले, 'पाहावा'.

पोथ्यांतल्या पाठभेदांवर आम्ही सुखाने तास घेतो. इथे 'पाडावा' असेल, तर बटणाने ओव्हन विझत नाही हे भावजींना २०१९ मध्येच ठाऊक होते, त्यांनी ते बटण वापरणे सोडले, म्हणूनच तो थर इतका जाड. आणि हे त्यांनी ताईला सांगितले नाही. ती तर नंतर सव्वा वर्ष त्या घरात एकटी राहिली होती. 'पाहावा' असेल, तर ती केवळ एका व्यवस्थित माणसाची सवय. थराचा पुरावा एका बाजूचा. दुरुस्तीवाल्याचे 'सांगता येणार नाही' कोणत्याच बाजूचे नाही. ज्याने 'पाडावा' वाचले त्याने घाईघाईने आपला पाठ मागे घेतला, पण ताईने ते पाहिले होते.

शनिवारी माणसे घर पाहून गेली. ओव्हन बदलून देऊ, असे ताईने त्यांना सांगितले. रात्री तिने भावजींची लग्नाआधीची पत्रे काढली, दिव्याखाली पसरली आणि भिंगाने अक्षरे ताडून पाहू लागली. आम्हीही शेजारी बसलो. 'ह' प्रत्येक ओळीत होते. 'ड' फार थोडे सापडले.