ओशो कोणाचे?

मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय जबलपुरात आहे, आणि भंवरताल बागेतलं मौलश्रीचं झाडही जबलपुरातच. २१ मार्च १९५३ च्या रात्री त्या झाडाखाली आपल्याला ज्ञान झालं, असं ओशो सांगत. तेव्हा ते नुसते रजनीश होते. एकवीस वर्षांचे, प्राध्यापकांना प्रश्न विचारून हैराण करणारे विद्यार्थी. पुढे याच शहरात त्यांनी तत्त्वज्ञान शिकवलं आणि १९६६ मध्ये नोकरीला रामराम ठोकला. त्यांच्या वारशाचे गाजलेले कज्जे मात्र दूर कुठे कुठे लढले गेले: अमेरिकेत, लक्झेंबर्गमध्ये, मुंबईत.

भांडणाचं मूळ त्यांच्या कामाच्या जातकुळीतच आहे. ओशो लेखणी घेऊन बसणारे नव्हेत. ते बोलत, कोणी ते टेपवर घेई, कोणी उतरवून काढी, कोणी संपादन करी, आणि पुस्तक निघे. अशी शेकडो पुस्तकं. भारतीय कायद्यानुसार जाहीर भाषणावर पहिला हक्क बोलणाऱ्याचा. मग सभा कोणीही भरवलेली असो. म्हणजे हक्क ओशोंचाच. पण त्यांच्याकडून तो कोणाकडे गेला, कधी गेला आणि कोणत्या कागदानं? सगळी गोम इथे आहे. विचारांवर कोणाचा कॉपीराइट नसतो, असं ते प्रवचनात म्हणाले होते. हक्कांच्या मक्तेदारीला विरोध करणारे शिष्य आजही त्याचा दाखला देतात. मात्र त्यांच्या हयातीतल्या पुस्तकांवर रजनीश फाउंडेशनच्या नावानं कॉपीराइटची ओळ व्यवस्थित छापलेली असे. दोन्ही बाजूंना पुरावा पुरवून ठेवणारा गुरू!

१९ जानेवारी १९९० रोजी पुण्यात ओशो गेले. पुस्तकांच्या हक्कांवर दावा झुरिकच्या ओशो इंटरनॅशनल फाउंडेशननं सांगितला, आणि नावावरही. दिल्लीच्या ओशो फ्रेंड्स इंटरनॅशनलनं नावाच्या मक्तेदारीला अमेरिकेत आव्हान दिलं. २००९ च्या जानेवारीत तिथल्या ट्रेडमार्क मंडळानं फाउंडेशनच्या विरोधात निकाल दिला. युरोपात नेमकं उलट झालं. २०१७ मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयानं ‘ओशो’ हा ट्रेडमार्क वैध धरला. एकच नाव अटलांटिकच्या एका काठावर सर्वांचं, दुसऱ्या काठावर एका संस्थेचं.

मधेच, २०१३ मध्ये, युरोपातल्या वादात ओशोंचं म्हणून एक मृत्युपत्र पुढे आलं. तारीख ऑक्टोबर १९८९ ची, म्हणजे मृत्यूच्या तीन महिने आधीची. उजेडात आलं ते तेवीस वर्षांनी. सही बनावट असल्याचा आरोप करत काही शिष्यांनी पुण्यात पोलिसांत तक्रार केली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. आरोप तो आरोपच; पण इतक्या उशिरा सापडलेल्या कागदाकडे संशयानं पाहिलं गेलं, यात नवल नाही.

मग जमीन. पुण्याच्या कोरेगाव पार्कातल्या ओशो आश्रमाचे दोन भूखंड १०७ कोटी रुपयांना विकण्याची परवानगी मागण्यात आली. कारण दिलं कोविडमधल्या तोट्याचं. २०२३ च्या अखेरीस धर्मादाय सहआयुक्तांनी ती नाकारली.

या सगळ्यात शिष्यांची एक तक्रार जमिनीहून आणि ट्रेडमार्कहूनही मोलाची वाटते: मूळ प्रवचनांच्या शब्दांना कात्री लागते आहे, ही. मालक कोणी का असेना, टेपवर जे आहे तेच पुस्तकात यावं, एवढी मागणी रास्त आहे. आपल्या कायद्याचं ५७ वं कलम कर्त्याच्या कृतीची मोडतोड रोखण्याचा अधिकार त्याच्या प्रतिनिधींना देतं. पण प्रतिनिधी कोण, इथे गाडी पुन्हा मृत्युपत्रापाशीच येऊन अडते.

मुदतीचाही एक किस्सा आहे. भारतात पूर्वी कॉपीराइट मृत्यूनंतर ५० वर्षं टिके. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले. त्यांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. तो संपू नये म्हणून सरकारनं मुदत सगळ्यांसाठीच दहा वर्षांनी वाढवली. त्या वाढीचा लाभ आपोआप ओशोंच्या पुस्तकांनाही झाला: २०४० ऐवजी २०५० अखेरपर्यंत. त्यानंतर भारतात ती कोणीही छापावीत. युरोपातल्या ट्रेडमार्कला मात्र असा शेवट नाही. दर दहा वर्षांनी शुल्क भरून नूतनीकरण केलं की झालं.