रबरासारखी भांडी

आगमनकाळाचा दुसरा रविवार उलटला, की आपल्या धर्मग्रामांतील संभाषणाचा विषय हळूच बदलतो. मिस्सा आटोपल्यावर मंडळी आवारात रेंगाळतात ती गव्हाणीची वर्गणी, गीतमंडळाचा सराव आणि केक यांविषयी बोलत. या शेवटच्या विषयात अलीकडे सिलिकोनच्या भांड्यांची भर पडली आहे. गुलाबी, निळी, हिरवी. हातात घेतली तर रबरासारखी दुमडणारी. “फादर, यात मुलांना खायला करून घालावे का हो?” हा प्रश्न धर्मगुरूला विचारला जावा याचे परक्यास नवल वाटेल. आपल्याकडे मात्र विहिरीच्या पंपापासून मुलीच्या स्थळापर्यंत सारे काही धर्मगुरूला विचारले जाते आणि त्याला उत्तर द्यावे लागते.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. सिलिकॉन हे मूलद्रव्य. आपल्या किनाऱ्यावरील वाळूत ते प्राणवायूशी संयोग पावलेले आढळते. सिलिकोन हा मनुष्याने घडविलेला पदार्थ आहे. सिलिकॉन आणि प्राणवायू यांचे अणू एकाआड एक गुंफून त्याची साखळी तयार होते व तिच्या दोहों बाजूंस कार्बनयुक्त गट जोडलेले असतात. फ्रेडरिक किपिंग या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी हे नाव रूढ केले. गंमत अशी, की या पदार्थांच्या व्यावहारिक उपयोगाविषयी त्याला स्वतःला फारशी आशा नव्हती. १९४० साली अमेरिकेत युजीन रोखो याने ते मोठ्या प्रमाणावर बनविण्याचा मार्ग शोधला आणि चित्र पालटले. ही साखळी उष्णतेने सहजी तुटत नाही. म्हणूनच खाद्योपयोगी सिलिकोनची भांडी साधारणतः २०० ते २३० अंश सेल्सियसपर्यंत टिकतात आणि बर्फाच्या कप्प्यातही तडकत नाहीत.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला ॲरिस्टॉटलचे द्रव्य आणि रूप शिकविले जाई. साचा रूप देतो, पीठ ते स्वीकारते, असे सोपे उदाहरण तेव्हा मनात येई. येथे तर साच्यालाच धड रूप नाही! पातळ मिश्रण भरून तो उचलावा, तर मधेच वाकतो आणि निम्मे मिश्रण ओट्यावर सांडते. तेव्हा सपाट ट्रेवर आधी रिकामा साचा ठेवावा, मग तो भरावा आणि ट्रेसकट ओव्हनमध्ये सरकवावा.

या पदार्थाचे खरे यश मात्र मला केकमध्ये दिसत नाही. ते नाताळच्या लहान मिठायांत दिसते. मिल्क क्रीम आणि मार्झिपान यांसाठी आपल्या आज्या तळहातावर मावणारे रबरी साचे वापरीत. मासा, शिंपला, गुलाब, पान. तुपाचे बोट फिरवायचे, गोळा दाबायचा, मागून अंगठ्याने ढकलून बाहेर काढायचा. परंतु रबर काही वर्षांत चिकट होते, भेगाळते, त्याचा वास काजूच्या मिठाईला लागतो. सिलिकोनचा चांगला साचा या बाबतीत रबरापेक्षा निश्चित सरस. नक्षीची रेघन्‌रेघ उमटते, तूपही नाममात्र लागते. ज्या म्हाताऱ्या बोटांना आता जोर लावणे जमत नाही, त्यांना तर तो वरदानच वाटेल.

केकची गोष्ट वेगळी. सिलिकोनमधून उष्णता अल्युमिनियमच्या तुलनेत शेकडो पटींनी सावकाश जाते. परिणामी केक मऊ होतो, करपत नाही, अलगद सुटतो. परंतु त्याच्या कडा फिक्या राहतात. रव्याच्या केकची तळाची तांबूस, खरपूस पापुद्र्याची चव, जिच्यासाठी घरातील मुले भांडतात, ती पत्र्याच्या ट्रेतच येते. येथे माझा कौल निःसंकोच जुन्या ट्रेला आहे.

आणखी एक इशारा. घरी कालवलेले मिश्रण ट्रेत भरून, नावाची चिठ्ठी लावून गावच्या बेकरीत भाजावयास देण्याची आपली चाल काही ठिकाणी अजून आहे. लाकडाच्या भट्टीचे तापमान ३०० अंशांच्या घरात जाऊ शकते. तेथे सिलिकोनचे भांडे कदापि पाठवू नये. घरच्या लहान ओव्हनमध्येही ते लाल होणाऱ्या कांबीला टेकू देऊ नये. सुरीने केक त्यातच कापणे म्हणजे भांड्याचा नाश. आणि तेलाचा चिकट थर राहिला, तर कढत साबणपाण्यात भिजवून मऊ फडक्याने चोळावे. घासणी वापरू नये.

आता मुलांविषयीचा प्रश्न. तो गंभीर आहे. सिलिकोनमध्ये काही लहान, चक्राकार रेणू मागे राहिलेले असतात. उष्णतेने व स्निग्ध पदार्थांच्या संपर्काने ते अल्प प्रमाणात अन्नात उतरतात. पहिल्या काही वापरांत अधिक, पुढे कमी. यांतील तीन रेणूंचा समावेश युरोपीय संघाने २०१८ साली अतिचिंताजनक द्रव्यांच्या यादीत केला, मुख्यत्वे ते निसर्गात दीर्घकाळ साचून राहतात म्हणून. जर्मनीतील नियामक संस्थेच्या शिफारशीनुसार असा साचा २०० अंशांवर चार तास तापविला असता त्यातून उडून जाणारा अंश अर्ध्या टक्क्याहून अधिक नसावा. नीट पक्व केलेला माल या कसोटीस उतरतो. त्यामुळे वर्षातून चार वेळा केक भाजणाऱ्या घराने धसका घेण्याचे कारण मला दिसत नाही. रोज भाजणाऱ्याने धातूच वापरावा.

मला खरी चिंता वाटते ती जत्रेच्या रस्त्यावर ढिगाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त साच्यांची. त्यांवर ना तापमानाची मर्यादा छापलेली, ना बनविणाऱ्याचे नाव. पैसेवाला नामांकित माल घेतो. पैसे मोजून मोजून खर्च करणारी आई त्या ढिगातून उचलते, आणि धोका असलाच तर तो तिच्या लेकरांच्या ताटात येतो. विक्रेत्याच्या विवेकबुद्धीचा हा प्रश्न आहे. आपल्या दुकानदार बांधवांनीही तो स्वतःला विचारावा. शिवाय असा साचा लवकर फाटतो. त्याला कल्हई नाही, डाग देणे नाही, भंगारवालाही तो घेत नाही. फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात जे लिहिले, ते नाताळच्या दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात पाहावयास मिळते.

साचा चिमटीत धरून पिळावा. पांढरी रेघ उमटली, तर त्यात भर घातलेली असण्याची शक्यता आहे, मात्र ही खूण अचूक नव्हे. वास अधिक विश्वासू. नवा साचा धुऊन, खिडक्या उघड्या ठेवून, त्यावर छापलेल्या मर्यादेच्या आत तासभर रिकामाच तापवावा. गार झाल्यावरही उग्र वास येत राहिला, तर त्यात पीठ ओतू नये.