कारखाना घरी आला, घड्याळ नाही

ओल्या तेंदूपत्त्याचा वास आला की गोंदियातल्या माझ्या पिढीच्या माणसाला बिडी कारखाना आठवतोच. लांबलचक खोली, जमिनीवर अंथरलेली पोती आणि मांडीवर सूप घेऊन रांगेनं बसलेले बायका-पुरुष. आम्ही पोरं दारात उभी राहून त्यांची बोटं बघायचो. पत्र्याच्या मापावर पान धरून कात्री फिरायची, चिमूटभर तंबाखू पडायची, पान वळायचं, दोरा बसायचा, तोंड दुमडलं जायचं. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. हजार म्हणजे चाळीस कट्टे. कोण किती भरभर वळतं यावर मोहल्ल्यात चर्चा चालायची. बोटांचं कौतुक सगळेच करत. मानेबद्दल मात्र कोणी बोलत नसे.

माणसाच्या डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. ते सरळ असलं की मणके तोलतात; पुढं झुकलं की मानेच्या मागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावं लागतं. सूप मांडीत असल्यानं नजर खाली, पाठीला पोक, एक गुडघा दुमडलेला. स्नायू तासन्‌तास आखडून राहिले की त्यांना रक्त नीट मिळत नाही आणि ठणका सुरू होतो. एका बिडीला कापणं, भरणं, वळणं, बांधणं, दुमडणं अशा पाच हालचाली धरल्या, तरी हजारांना पाच हजार होतात. त्यातल्या बऱ्याचशा अंगठ्याच्या आणि दोन बोटांच्या वाट्याला. भरीला तंबाखूची धूळ नाकात आणि निकोटिन कातडीतून आत.

तरी कारखान्याच्या त्या खोलीत एक सोय होती. पाणी प्यायला उठावं लागे, माल मोजून द्यायला उठावं लागे, छाट, म्हणजे नापास बिड्या, काढताना वाद घालायलाही उठावं लागे. तेवढंच अंग मोकळं होई.

१९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांचा कायदा आला. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. पन्नासाहून जास्त बायका असतील तिथं लहान मुलांसाठी खोली. कायदा चांगलाच होता. पण देशभर बऱ्याच मालकांनी त्यातून वाट काढली ती घराची: पत्ती-तंबाखू ठेकेदाराकडून घरी पोहोचवायची आणि तयार बिडी उचलायची. घरी वळणारीही कामगारच, हे १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. पण घराच्या ओसरीत नऊ तास मोजणार कोण? भिंतीवरचं घड्याळ कारखान्यातच राहिलं.

आज गोंदियातल्या किंवा तिरोड्याकडच्या एखाद्या घरात डोकावलं तर एकटीच बाई सूप घेऊन दिसते. समोर टीव्ही, बाजूला नात. स्वयंपाक उरकून बसलेली, पुन्हा स्वयंपाकासाठी उठणारी. अशाच एका ओळखीच्या मावशींना मी विचारलं, "मान दुखते का?" त्या म्हणाल्या, "दुखते ना बाबू. पण हात थांबला का हजार कसे होतील?" मजुरी हजारावर मिळते, म्हणून विश्रांतीही त्यांच्याच खिशातून जाते. माझ्या मते सगळं दुखणं इथं आहे. नुसतं 'नीट बसा' सांगून ते जायचं नाही.

पूर्वी घरातल्या पोरी आपसूक वळायला शिकायच्या. आता शिकत नाहीत, आणि मला त्याचा आनंद आहे. पण जुन्या वळणाऱ्यांचं काय? बिडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ च्या कायद्यानं घेतला जाणारा उपकर २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला. ज्यांचं आयुष्य वळण्यात गेलं, त्यांची पाठ अजून दुखतेच आहे.

मावशींच्या सुनेनं आता सुपाखाली पाट ठेवलाय. सूप चार बोटं वर आलं, पाठ भिंतीला टेकली. कट्टा बांधून झाला की ती सासूला हाक मारून उठवते, अंगणात एक चक्कर मारायला लावते. मावशी कुरकुर करतात, पण उठतात.