घरचा कारभारी

हॉलच्या भिंतीवर, छतापासून हातभर खाली, राउटर बसलेला असतो. दोन अँटेना, पुढे दिव्यांची ओळ, मागे चार लॅन पोर्ट आणि खिडकीतून आलेली बारीक फायबर. ‘लॉस’चा दिवा लाल झाला, तर बाहेरून प्रकाशच पोचत नाहीये, असं तो सरळ सांगतो. अशा वेळी त्याला बंद-चालू करत बसण्यात अर्थ नसतो.

घरात नवा लॅपटॉप आला की त्याला स्वतःचा पत्ता नसतो. वाय-फायचा पासवर्ड मिळाला की तो सगळ्यांना उद्देशून विचारतो, पत्ता देणारं कुणी आहे का? राउटर म्हणतो, १९२.१६८.१.५ रिकामा आहे. लॅपटॉप म्हणतो, मग तो मला द्या. राउटर होकार देतो, नोंद करतो आणि मुदतही घालून देतो. आपण कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक’ ठेवायचं, बाकी बोलणी हे दोघं क्षणात उरकतात. राउटरकडून उत्तरच आलं नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता लावून घेतं. तो आकडा दिसला की आधी केबल पाहावी. प्रिंटरचा पत्ता मात्र कायमचा राखून ठेवायला सांगावं, नाहीतर तो बदलतो आणि ऐन वेळी छपाई अडते.

बाहेरच्या जगापुढे सगळ्या घराच्या वतीने हा कारभारी एकटा उभा राहतो. १९२.१६८चे पत्ते घरातल्या घरात वापरायचे, हे १९९६ साली नक्की झालं. शेजाऱ्यांकडेही तेच पत्ते असतात, कुणाचं काही अडत नाही. मुलीचा ऑनलाइन तास, आजीचं कीर्तन, कुणाची मीटिंग, सगळ्यांची मागणी तो स्वतःच्या पत्त्यावरून पाठवतो आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला पोचवतो. आयपीव्ही-४चे पत्ते जेमतेम ४३० कोटी. ते जगाला इतकी वर्षं पुरले, याचं मोठं श्रेय मी घरोघरच्या या राउटरना देतो.

त्याला कपाटात कोंडू नये, टीव्हीमागे दडवू नये. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींपलीकडे जाते, पण मायक्रोवेव्ह सुरू झाला की अडखळते. ५ची लहर वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर थकते.

मला काळजी वाटते ती त्याच्या भोळेपणाची. कित्येक राउटर ‘ॲडमिन’ हेच नाव आणि ‘ॲडमिन’ हाच पासवर्ड घेऊन घरात आले. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने असे ठरावीक पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. म्हणून जोडणीला आलेला मुलगा ‘काका, नेट चालू झालं’ म्हणून निघाला तरी आपण उठू नये. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकावं, काही राउटरचा आकडा वेगळा असतो, तो खालच्या स्टिकरवर मिळतो. वाय-फायला किमान डब्ल्यूपीए-२ लावावं. ॲडमिनचा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवावा. आणि फर्मवेअरचं अपडेट चालू असताना कुणालाही त्याच्या स्विचला हात लावू देऊ नये.