तेरखेड्यातलं आभाळ

बुधवार, १५ मार्च २०२३

पुणे ते बार्शी ३१०. बार्शी ते येरमाळा ५५. पुढे वडापचे २०. चहा दोनदा २०, पाणी २०, केळी ३०. एकूण ४५५ रुपये.

उशीर: बार्शीत पाऊण तास, येरमाळ्याच्या चौकात अर्धा तास.

पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. चप्पल डांबराला चिकटेल असं ऊन. साडेपाचला नैर्ऋत्येकडून काळं आभाळ आलं, मग धूळ, मग चार थेंब. पावसापेक्षा धूळच जास्त तोंडात गेली. सहा वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. आत्या म्हणाली, "तू आलीस आन् आभाळ आलं." तिने पिठलं-भाकरी वाढली. जेवणाआधीच डोळे मिटत होते. हे मोबाईलच्या उजेडात लिहिते आहे, चार्जिंग तेवीस टक्के.

गुरुवार, १६ मार्च

सकाळी लख्ख ऊन. लाइट साडेनऊला आली.

सोलापूर–धुळे महामार्गाने जाणाऱ्याला तेरखेडा कळतो तो रस्त्याकडेच्या फटाक्यांच्या दुकानांवरून. लोक याला महाराष्ट्राची शिवकाशी म्हणतात. आत्याची शेजारीण फटाक्यांच्या एका कारखान्यात कामाला जाते. मालकांची परवानगी काढून तिने मला सोबत नेलं. फाटकावरच मोबाईल ठेवून घेतला आणि पिशवीत काडीपेटी नाही ना, हे विचारलं. आत एकेक शेड दुसरीपासून चांगली लांब. एका शेडमध्ये काही झालं तर ते तिथेच थांबावं, म्हणून हे अंतर. गावाने स्फोट पाहिले आहेत, माणसं गमावली आहेत. बायका कामाला बसताना फार बोलत नाहीत.

सुतळी बॉम्ब मी आजवर दिवाळीत फक्त ऐकला होता. इथे तो पुठ्ठ्याची एवढीशी पुडी असतो. त्यावर सुतळीचे वेढे आवळून बसवायचे, चिकटवायचे, वात लावायची. शेजारणीची बोटं वेढे घेताना बघत राहिले. मान खाली, बोटांकडे लक्षही नाही, तरी एक वेढा दुसऱ्यावर चढत नाही. मग सगळा माल अंगणात पसरायचा. इथून पुढचं काम उन्हाचं. पुठ्ठा वाळला पाहिजे, खळ वाळली पाहिजे, वात वाळली पाहिजे. दमट माल दिवाळीत फुसका निघतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. ॲल्युमिनियमची भुकटी घातलेल्या मिश्रणात ओल शिरली तर ते आतल्या आत तापू शकतं. म्हणून ढगाळ दिवशी इथे माणसं जपून पाऊल टाकतात.

दीडच्या सुमारास पश्चिमेला गडगडलं. लगेच काम थांबलं. वाळत घातलेला माल ताडपत्रीखाली गेला, सगळ्यांना शेडपासून लांब मोकळ्यावर काढलं. वीज कडकडू लागली की स्फोटकांच्या नियमांप्रमाणे असंच करायचं असतं. पाऊस मात्र आलाच नाही. आम्ही तासभर आभाळाकडे बघत बसलो आणि तेवढ्यात सुट्टी झाली. मजुरी नगावर असते, त्यामुळे अर्ध्या दिवसाचे नग अर्धेच.

परत येताना तिच्या घरी चहा घेतला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्या कामाच्या दिवसांना निळे गोल आहेत. आजच्या तारखेला तिने अर्धा गोल काढला. फेब्रुवारीचं पानही तिने उलटून दाखवलं. ते निळ्या गोलांनी भरलेलं होतं. "मार्चमदी पडायचं नसतं ओ ताई पाण्यानं," ती म्हणाली. थोरला मुलगा दहावीला, परीक्षा सुरू आहे. संध्याकाळी लाइट पुन्हा गेली. तो मेणबत्तीपाशी भूगोल वाचत होता.

खर्च: मेणबत्त्या ३०, बिस्किटं २०. चार्जिंग एकोणीस टक्के. ही लाइट.

शुक्रवार, १७ मार्च

आजपासून राज्याच्या हद्दीत एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट. आत्याला बार्शीला जायचंच होतं. ती सत्त्याहत्तरची. पंचाहत्तरीपुढच्यांना गेल्या ऑगस्टपासून प्रवास फुकट, त्यामुळे तिने आधार कार्ड काढून रुबाबात कंडक्टरपुढे धरलं. माझं सत्तरचं तिकीट पस्तीसला आलं. पुढच्या बाकावर पांगरीला माहेरी निघालेली एक तरुण बाई होती. तिला हे ठाऊकच नव्हतं. उरलेले पैसे हातात आले तेव्हा तिने कंडक्टरला दोनदा विचारलं, "चुकलं तर न्हाई ना?" मग तिने ते पदराच्या टोकाला वेगळे बांधले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्याशा पैशांनी बाईला माहेर जवळ येतं.

गाडीच्या पाटीवर अजून उस्मानाबाद आहे. नामांतराला केंद्राची मान्यता मिळून तीन आठवडे झाले. गाडीत मात्र धाराशिव आणि उस्मानाबाद दोन्ही नावं चालतात, एकाच माणसाच्या तोंडी, एकाच वाक्यात.

बार्शीत ज्वारीच्या पेठेत सगळे बोलत होते ते एकच: माल कोरडा आहे का? मालदांडी ज्वारीचा सरकारी हमीभाव यंदा २,९९० रुपये क्विंटल, हरभऱ्याचा ५,३३५. व्यापारी मूठभर दाणे घेऊन एक दाताखाली फोडतो. तो कट्टकन फुटला तर पुढचं बोलणं. भिजलेल्या ज्वारीचा दाणा काळा पडतो आणि मग हमीभावाचा आकडा ऐकण्यापुरता उरतो.

परतीला येरमाळ्याच्या अलीकडे वारा सुटला. रस्त्यावर बाभळीची फांदी आडवी, वाहनं थांबलेली. आणि मग गारा. हरभऱ्याएवढ्या, पुढे पुढे मोठ्या. गाडीच्या टपावर असा आवाज की शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू येईना. आत्या पूर्ण वेळ डोळे मिटून येरमाळ्याच्या देवीला, येडाई, येडाई, अशी हाक मारत होती. सात-आठ मिनिटांत सगळं संपलं. रस्ता पांढरा, हवेत गारठा, आणि मार्चच्या मध्यावर मी ओढणी डोक्यावरून घेतलेली.

तिकीट ३५ अधिक ३५, जेवण दोघींचं १६०, आत्याची औषधं २४०. उशीर दीड तास. चप्पल ओली. लाइट नाही.

शनिवार, १८ मार्च

एकादशी. आत्याने भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली. चप्पल अजून ओलीच.

सकाळी तिच्या दिराच्या रानात गेलो. चार दिवसांपूर्वी काढलेली ज्वारी सरीत आडवी पडून होती, कणसं चिखलात. दीर सत्तरीचे, मी त्यांना आजोबाच म्हणते. त्यांनी एक पेंढी उचलून झटकली, पुन्हा ठेवली, दुसरी उचलली. दाणा काळा पडेल हे खरंच, पण त्यांच्या जिवाला जास्त लागलं होतं ते कडब्याचं. भिजलेला कडबा काळपट होतो, बुरसतो, जनावर त्याला तोंड लावत नाही. दोन म्हशी आहेत. हा सगळा पट्टा खव्याचा, सरमकुंडी फाट्यापासून कुंथलगिरीपर्यंत. कडबा गेला म्हणजे दूध गेलं, दूध गेलं म्हणजे खव्याच्या भट्टीवर रोज मिळणारा पैसा गेला. ज्वारी घरात वर्षभर खायची, पण चालू महिना म्हशींवर निघतो.

बांधापलीकडच्या रानात हरभरा उभा होता, त्याला काही झालेलं नाही. त्याच्याही पुढे एका आंब्याखाली कैऱ्यांचा सडा. गारपीट अशीच पट्ट्याने पडते. दिवसा जमीन तापते, दोन्ही समुद्रांवरून बाष्प येतं, वर उत्तरेकडची थंड हवा सरकते आणि जिथे ढग उंच चढतो तेवढ्याच रानावर गारा कोसळतात. हवामान केंद्र मात्र महसूल मंडळाला एक. त्याच्या मापात आजोबांची ही दोन एकरं दिसायची कशी?

त्यांचा नातू पिकविम्याच्या ॲपवर फोटो चढवायचा प्रयत्न करत होता. काढून सुकायला टाकलेल्या पिकाला चौदा दिवसांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पण नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागते. काल संध्याकाळपासून गावात लाइट नाही, टॉवरला रेंज नाही. पोरगा मोबाईल उंच धरून बांधाबांधाने फिरत होता. शेवटी येरमाळ्याच्या बाजूला टेकाडावर चढला, तेव्हा कुठे फोटो गेले.

सरकारी मदतीसाठी पंचनामा लागतो. तो तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. मंगळवारपासून राज्यभर कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर आहेत. आजोबांना त्यांचा राग नाही. "म्हातारपण त्येन्लाबी हाय की," ते म्हणाले. मला हे वाक्य फार मोठं वाटलं. स्वतःची ज्वारी चिखलात पडलेली असताना माणूस दुसऱ्याच्या म्हातारपणाचा विचार करतो.

त्यांनी २०१४ सांगितलं. फेब्रुवारीअखेर सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत येत राहिली होती. तेव्हा मदतीसाठी निम्मं पीक जावं लागायचं, ५० टक्के. पुढच्या वर्षी ती अट ३३ टक्क्यांवर आली. आजोबा आकडे बोटांवर मोजत होते, आणि मी विचार करत होते की शेजारणीच्या अर्ध्या गोलाला कुठली टक्केवारी लावायची. तिच्या नावावर जमीन नाही, सात-बारा नाही. हा पाऊस तिलाही लागला आहे आणि तो कोणत्याच कागदावर येत नाही. हे मला चुकीचं वाटतं आणि तसं मी इथे स्पष्ट लिहून ठेवते.

खर्च नाही. लाइट रात्री आठला आली, नऊला गेली.

रविवार, १९ मार्च

दिवसभर झड. बाहेर पडले नाही.

दुपारी गारठ्याने आत्याला शेंगोळे सुचले. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट, थोडी कणीक. तळहातावर लांबट वळून टोकं जोडायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. रस्सा आपोआप दाट होतो. मी वळलेले जाड, तिचे सारख्या जाडीचे. एरवी हा थंडीतला पदार्थ, माघ सरला की हुलगे डब्यात खाली जातात. आज चुलीवरच केले, गॅसवर ती चव येत नाही यावर ती ठाम आहे. शेजारीण आणि तिची दोन्ही मुलं आली. भाकरी कुस्करून, वरून कच्चं तेल घालून खाल्लं. दोनदा वाढून घेतलं. दहावीवाला तिसऱ्यांदा. जेवताना त्याच्या आईने सांगितलं की कारखान्यातून निरोप आलाय, ऊन पडेपर्यंत येऊ नका.

सोमवार, २० मार्च

ऊन! सकाळी सातपासून निळं आभाळ.

आज गावात कोणाला बोलायला वेळ नाही. गच्च्यांवर साड्या अंथरून कुरडया, सांडगे, पापड. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर ज्वारीची कणसं. आत्याने सगळ्या गोधड्या बाहेर काढल्या. आजोबांनी पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या केल्या, म्हणजे वारा आतून खेळेल. शेजारीण सातलाच कामावर गेली. येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा ६ एप्रिलच्या पौर्णिमेला. दुसऱ्या दिवशी पालखी निघते आणि हजारो लोक रानातली चुनखडी वेचायला जमतात. यात्रा आणि मग लग्नसराई, माल तोवर तयार पाहिजे.

तीन वाजता वायव्येला ढग दिसला. सगळा गाव गच्चीवर आला. ढग कळंबच्या बाजूला निघून गेला.

संध्याकाळी बातमी आली की संप मागे घेतला.

मंगळवार, २१ मार्च

अमावास्या. उद्या पाडवा. बाजारात साखरेच्या गाठी आल्या आहेत. दमट हवेने पाझरतात म्हणून दुकानदाराने त्या काचेच्या बरणीत ठेवल्या आहेत.

दुपारी पंचनाम्याला माणसं आली. आजोबांच्या बांधावर उभं राहून त्यांनी गट नंबर, क्षेत्र, पीक, नुकसानीचा अंदाज लिहून घेतला. ज्वारी भिजून चार दिवस झालेत आणि कालच्या उन्हाने वरची कणसं वाळली आहेत, त्यामुळे नुकसान कमी दिसतं. नातवाने शनिवारचे फोटो दाखवले. त्यांनी ते नीट पाहिले, एक-दोन स्वतःच्या मोबाईलवर घेतले. माणसं सज्जन होती, दमलेली होती, आणि त्यांच्या यादीत अजून बरीच रानं होती.

शेजारीण कामावरून येताना तिथे थांबली. सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "आमचं कुटं लिवायचं, साहेब?" त्यातल्या एकाने पेन थांबवलं. म्हणाला, "बाई, या फॉर्मात तसा रकाना नाही." ती मान हलवून निघाली. घरी आल्यावर मी तिला कॅलेंडर मागितलं आणि तिच्या परवानगीने माझ्या वहीत उतरवून घेतलं: १६ तारीख अर्धा दिवस, १७ काम नाही, १८ नाही, १९ नाही, २० पूर्ण, २१ पूर्ण. तिच्या हिशेबाने दिवसाला अडीचशे ते तीनशे पडतात. म्हणजे या आठवड्यात साधारण हजार रुपये कमी. दहावीनंतर मुलाला बार्शीच्या कॉलेजात घालायचं, त्यासाठी ती बाजूला टाकते ते याच पैशांतून.

उद्या गुढी उभारून दुपारच्या गाडीने कुंथलगिरी. जैन आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली जिथे सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नत्याग करून देह ठेवला, ती टेकडी बघायची आहे, आणि वाटेत सरमकुंडीला खव्याच्या भट्ट्यांवर या आठवड्यात दूध किती कमी आलं ते विचारायचं आहे. आत्याने पेढ्यांसाठी रिकामा डबा दिला आहे.