मॅन बेटावरील सूर

प्रवासास निघतांना आमच्या वडील वहिनींनीं आमच्या हातीं दोन वस्तू दिल्या : बेसनाच्या लाडवांचा डबा आणि एक निरोप. दोन्ही मँचेस्टर येथें नोकरीस असलेल्या त्यांच्या चिरंजीवांसाठीं होत्या. निरोप असा, कीं "ती मोटरसायकल विकून टाक, आणि विकणार नसलास तर निदान कानांत गाणीं घालून ती पळवूं नकोस." चिरंजीव सुटीच्या दिवशीं बंदिस्त शर्यतमार्गावर हौशी स्वारांबरोबर गाडी पळवितात, आणि त्या वेळीं त्यांच्या शिरस्त्राणांत गाणें चालू असतें, हें त्यांनींच एकदां फोनवर मोठ्या प्रौढीनें सांगितलें होतें. तेव्हांपासून वहिनींची झोप उडाली होती.

लाडू पहिल्याच दिवशीं पोंचते झाले. निरोप मात्र आमच्या खिशांतच राहिला. कारण चिरंजीवांनीं निराळाच बेत पुढें मांडला. "काका, शर्यती पाहावयास दोन दिवस मॅन बेटावर चला. मग काय रागवायचें तें रागवा." सौभाग्यवतींस समुद्राची हौस, त्यांनीं आमच्या आधींच होकार दिला.

लिव्हरपूलहून जलद जहाजानें पावणेतीन तासांत आपण डग्लस या राजधानीच्या बंदरास लागतों. इंग्लंड व आयर्लंड यांच्या मधोमध वसलेल्या या बेटाचें क्षेत्रफळ अवघें ५७२ चौरस किलोमीटर, वस्ती लाखाच्या आंत. परंतु त्याला स्वतःची विधिसभा आहे व स्वतःचे कायदे आहेत. शर्यतींचें मूळ याच गोष्टींत सांपडतें. १९०३ च्या कायद्यानें ब्रिटनमध्यें मोटारींस ताशीं वीस मैलांची मर्यादा पडली आणि तेथील सार्वजनिक रस्त्यांवर शर्यत लावणें अशक्य झालें. मॅनच्या विधिसभेनें मात्र आपले रस्ते शर्यतीसाठीं बंद करण्याची मोकळीक दिली. १९०७ सालीं येथें मोटरसायकलींची पहिली 'टूरिस्ट ट्रॉफी' झाली. त्या वर्षीं चार्ली कॉलियर हा ताशीं सुमारें ६१ किलोमीटर वेगानें जिंकला. १९११ पासून शर्यत डोंगरावरच्या लांब मार्गानें होऊं लागली. हा फेरा ६०.७ किलोमीटरांचा. गांवांतून, चर्चच्या भिंतीजवळून, लोकांच्या दारांवरून तो जातो आणि स्नेफेल पर्वताच्या खांद्यावरून पुनः डग्लसला उतरतो. २०२३ सालीं पीटर हिकमन यानें हा फेरा १६ मिनिटें ३६ सेकंदांत पुरा केला. म्हणजे सरासरी वेग ताशीं २१९ किलोमीटर! या मार्गावर आजवर अडीचशेंहून अधिक स्वारांनीं प्राण गमावले आहेत, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. वहिनींस आम्ही तें सांगितलें नव्हतें.

शर्यतीच्या सकाळीं आम्ही सल्बी नामक गांवाजवळच्या सरळ रस्त्याकांठीं दगडी गडग्यावर जाऊन बसलों. रस्ता बंद झालेला. मेंढरांचें ओरडणें आणि शेजाऱ्याच्या रेडिओवरील शर्यतीचें वर्णन, एवढाच काय तो आवाज. स्वार दहा-दहा सेकंदांच्या अंतरानें एकेकटे सोडतात, म्हणून येथें घोळका दिसत नाहीं. आधीं दुरून एक बारीक सूर येतो, तो चढतो, आणि दृष्टीस कांहीं पडतें न पडतें तोंच एक रंगीत रेघ समोरून निघून जाते.

पहिल्या दोन गाड्यांस सौभाग्यवतींनीं कानांवर हात ठेवले. तिसरीला ते काढले. पांचवी गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अहो, ही गाडी पंचमावरून षड्जावर उतरली." आमच्या घरीं तंबोरा आहे तो शोभेसाठीं नव्हे, त्यांचा कान पक्का. चिरंजीव चकित झाले. त्यांनीं खिशांतून कागद काढला व हिशेब मांडला. जवळ येणाऱ्या वस्तूचा आवाज चढा व दूर जाणाऱ्या वस्तूचा उतरता ऐकूं येतो, हें डॉप्लर या शास्त्रज्ञानें १८४२ सालीं मांडलेलें तत्त्व वाचकांस ठाऊक असेलच. हा उतार नेमका पंचमापासून षड्जापर्यंत व्हावयाचा असेल, तर गाडीचा वेग ताशीं सुमारें २४५ किलोमीटर असला पाहिजे. "आणि काकू, शुद्ध धैवतावरून षड्जावर आली तर ३०६!" मग काय विचारतां! काकू स्वर सांगत व पुतण्या वेग सांगे. दोन वेळां धैवत आला. तासाभरांत शेजारचे प्रेक्षकही आमच्याकडे वळून पाहूं लागले.

त्यांत एक वृद्ध गृहस्थ होते. सत्तर सालाच्या सुमारास हौशी स्वार म्हणून याच रस्त्यावर ते धांवले होते. चिरंजीवांनीं त्यांस आदरानें विचारलें, "शर्यतींत आपण कधीं गाणें ऐकलें आहे काय?" म्हातारा हंसला. "सकाळीं तंबूंत ऐकत असूं. गाडीवर बसल्यावर गाडीच गात असे. तिच्यावर दुसरें गाणें कोण लावील?"

मग त्यांनीं जें सांगितलें, तें आम्ही यथामति येथें देतों. वळणावर स्वाराचे डोळे रस्त्यावर हवेत. फेऱ्यांचा कांटा पाहावयास त्याला फुरसत नसते. गिअर केव्हां बदलावयाचा, हें त्याचा कान ठरवितो. त्यांच्या काळच्या दोन-ठोक्यांच्या इंजिनांत दट्ट्या तापून अडकण्यापूर्वीं स्वर किंचित्‌ बदले. म्हणून डाव्या हाताचीं दोन बोटें सदैव क्लचच्या दांड्यावर ठेवून ते ऐकत असत. स्वर बदलतांच क्लच दाबला तर वांचला. नाहीं तर मागचें चाक जाग्यावर जखडे आणि स्वार रस्त्यावर. होंडाची १९६६ ची सहा नळकांड्यांची गाडी त्यांनीं लहानपणीं याच गडग्यावरून ऐकली होती. ती मिनिटास अठरा हजार फेरे घेई. चिरंजीवांनीं तोही हिशेब केला : सेकंदास ९०० स्फोट, म्हणजे पेटीच्या तारसप्तकांतील स्वर. जुन्या एका नळकांड्याच्या गाडीचे सहा हजार फेऱ्यांस पन्नासच. तो डग्ग्याचा घुमारा.

"पण वाऱ्याचें काय?" आम्हीं विचारलें. ताशीं शंभर किलोमीटरच्या पुढें शिरस्त्राणावरून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज कान अधू करण्याइतका मोठा असतो, म्हणून स्वार कानांत मऊ बोळे घालतात. त्यांनीं वारा दबतो. इंजिनाचा स्वर मात्र कानांनीं थोडा आणि हाडांनीं बराच, असा पोंचत राहतो. गाणें ऐकावयाचें तर तें वाऱ्याहून मोठें लावावें लागतें. मग कानही जातो आणि इंजिनही ऐकूं येत नाहीं. हें ऐकून चिरंजीव गप्प झाले.

संध्याकाळीं डग्लसच्या समुद्रकांठीं, जेथें १८७६ पासून घोड्यांची ट्राम चालत आली आहे, तेथें आम्ही तिघें बांकावर बसलों. बऱ्याच वेळानें चिरंजीव बोलूं लागले. मागील वर्षीं त्यांचें गळपट्टीचें हाड मोडलें होतें. घरीं "जिन्यावरून घसरलों" म्हणून कळविलें होतें. खरी गोष्ट अशी, कीं शर्यतमार्गावर आवडतें गाणें रंगांत आलें, इंजिन ओरडून सांगत होतें तें ऐकूं आलें नाहीं, आणि ते एक गिअर अधिक घेऊन वळणांत शिरले. "काका, मला वाटे गाण्यानें मन स्थिर होतें. स्थिर होत नव्हतें. दुसरीकडे जात होतें."

सौभाग्यवती म्हणाल्या, "अरे, साथ करणारानें गवयाकडे कान द्यायचा असतो. तूं साथीलाच बसला होतास, आणि कान दुसऱ्या मैफलींत!"

आमच्या खिशांतील निरोप सांगावयाचा आतां राहिलाच नव्हता. प्रश्न उरला तो वहिनींस काय कळवावयाचें हा. खोटें लिहवेना, आणि खरें लिहिलें तर त्या माउलीचें काय होईल, हें आम्ही जाणून होतों. शेवटीं चिरंजीवांनींच कागद मागितला. "मीच लिहितों. जिन्याचेंही लिहितों." गाडी विकण्याचें त्यांनीं कबूल केलें नाहीं, आम्हीही आग्रह धरला नाहीं.

दुसरे दिवशीं जहाजावर चढतांना शिरस्त्राणांतून काढलेलीं तीं दोन इवलीं यंत्रें त्यांनीं काकूंच्या हातावर ठेवलीं. तीं आतां आमच्या घरीं लाडवांच्या रिकाम्या डब्यांत आहेत. पत्र वाचून वहिनी दोन दिवस कोणाशीं बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं डबा मागितला. लाडू पुनः धाडावयाचे होते.